सावलीतला पांढरा होस्टा: 'फायर अँड आइस'च्या वाफ्याच्या नोंदी

काम एवढंच: मोठ्या मॅपलखालच्या ओसाड पट्ट्यात 'फायर अँड आइस' जातीचा होस्टा (देखण्या पानांसाठी सावलीत लावतात ते रोप) जगवायचा आणि त्याच्या पानातला पांढरा रंग टिकवायचा. ही जात 'पेट्रियट'च्या रोपावर आपोआप फुटलेल्या वेगळ्या कोंबातून आली. खुद्द 'पेट्रियट' तसाच 'फ्रान्सी'मधून निपजला होता. 'पेट्रियट'चं पान मध्ये हिरवं आणि कडेला पांढरं, 'फायर अँड आइस'चं नेमकं उलट. फोटोत दोन्ही सारखेच देखणे दिसतात. प्रत्यक्षात सांभाळायला किती फरक पडतो ते कळावं म्हणून दोन्ही लावले: तीन 'फायर अँड आइस' आणि दोन 'पेट्रियट'.

पहिलं वर्ष

२२ मार्च

झाडाला अजून पालवी नाही, त्यामुळे अख्खा पट्टा दिवसभर उजेडात आहे. आजच्या उजेडावर जागा ठरवली तर जूनमध्ये फजिती ठरलेली. म्हणून गेल्या उन्हाळ्यातले बागेचे फोटो शोधून काढले. त्यातल्या सावल्यांवरून तीन जागा पक्क्या केल्या. पूर्वेकडे सकाळी साधारण दहापर्यंत ऊन येतं, मग सावली. खोडाजवळ दिवसभर गडद सावली. पश्चिमेला फांद्यांमध्ये एक भगदाड आहे, तिथून दुपारचं ऊन थेट खाली उतरतं.

'फायर अँड आइस'चं एकेक रोप तिन्ही जागी लावणार. दोन्ही 'पेट्रियट' पूर्वेला.

६ एप्रिल

खणायला घेतलं आणि खुरपं आत जाईना. वरच्या वीतभर मातीत मॅपलच्या बारीक मुळांची चटई आहे. होस्टाची मुळंही याच थरात पसरतात, म्हणजे पाण्यासाठी झटापट होणार आणि ती मॅपलच जिंकणार.

सोपे वाटणारे दोन उपाय बाद केले. मुळं सपासप तोडली तर नवी बारीक मुळं जास्त दाट येतात, आणि खत घातलेल्या भुसभुशीत मातीत तर आधी येतात. वर फूटभर माती ओतली तर मॅपलचीच मुळं गुदमरतात, खोडाला चिकटलेली ओली माती साल कुजवते.

शेवटी जाड नमद्याच्या पिशव्या जमिनीत पुरायच्या ठरवल्या. पाणी आरपार जातं आणि बाहेरची मुळं निदान काही वर्षं आत घुसत नाहीत. अंगठ्याहून जाड मूळ आडवं आलं की खड्डा सरकवायचा, मूळ तोडायचं नाही. पिशवीची कड जमिनीच्या दोन बोटं वर ठेवली. जमिनीलगत ठेवली तर मुळं वरून उडी मारून आत येतात. आत निम्मी बागेची माती, पाव हिस्सा कुजलेलं कंपोस्ट, पाव हिस्सा बारीक केलेली पाइनची साल. मातीचा सामू (pH) ६.४ आला. होस्टाला ६ ते ७ दरम्यान चालतो, त्यामुळे त्यात हात घातला नाही.

एक 'पेट्रियट' मुद्दाम पिशवीविना, थेट जमिनीत जाणार. तुलना करायला काहीतरी हवं.

या पिशव्या हा सगळ्या कामातला सर्वात मोठा खर्च. रोपांपेक्षाही जास्त.

२० एप्रिल

रोपं आली. ऊतीसंवर्धनाची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली आहेत, त्यामुळे चिमुकली. पानं अरुंद, पातळ, आणि पांढरा पट्टा दुधात पाणी घातल्यासारखा फिका. हे बघून विकणाऱ्यावर चिडू नका. होस्टाची खरी पानं दिसायला चार-पाच वर्षं जातात.

मुळांभोवतीचा पीट (कुंडीत भरतात तो कुजलेल्या शेवाळाचा भुसा) पूर्ण धुऊन काढला. तो एकदा कोरडा पडला की पाणी झिडकारतो, बाहेरची माती ओली आणि रोपाचा मधला गोळा कोरडा, असं होतं. गोल फिरलेली मुळं हाताने सोडवून पंख्यासारखी पसरवली. गड्डा, म्हणजे जिथून डोळे फुटतात तो भाग, मातीच्या पातळीतच ठेवला. खोल गाडला की कुजतो.

९ मे

काल रात्री पारा शून्याखाली गेला. पानं नुकतीच उलगडत होती. संध्याकाळी तीन 'फायर'वर रिकाम्या बादल्या पालथ्या घातल्या, जमिनीतल्या 'पेट्रियट'वर जुनी चादर. बादल्या संपल्या म्हणून पिशवीतल्या 'पेट्रियट'वर प्लॅस्टिकचा कागद टाकला. सकाळी प्लॅस्टिक जिथे पानाला टेकलं होतं, तिथे पान उकडल्यासारखं पारदर्शक आणि लुळं झालं होतं. बादल्यांखाली सगळं ठणठणीत, चादरीखालीही.

लुळी पानं कापली नाहीत. अर्धं पान हिरवं असलं तरी ते काम करतं. गड्ड्यातून दुसरी पानं येतील, मात्र पहिल्या बहरापेक्षा लहान.

१५ जून

आता खरी गोष्ट सुरू झाली. तिन्ही 'फायर' एकाच खेपेतले, एकाच मातीत, आणि आज तीन वेगळ्या जाती वाटाव्यात इतके निराळे.

पूर्वेचं रोप छान. पानांचा पांढरा भाग स्वच्छ, कडा गडद हिरव्या, नवीन डोळाही वर आलाय.

खोडाजवळचं रोप जिवंत आहे, बस्स. लावताना होती तितकीच पानं. पांढऱ्या भागाच्या मधोमध पाण्यात भिजलेल्या कागदासारखे ओलसर, अर्धपारदर्शक ठिपके आले. चार-पाच दिवसांत ते तपकिरी होऊन फाटले. बोटाने दाबलं तर भाग मऊ लागतो. होस्टावाले याला पान 'वितळणं' म्हणतात.

पश्चिमेच्या रोपाचा पांढरा भागही गेला, पण वेगळ्या तऱ्हेने. तिथे तो कोरडा, कुरकुरीत, खाकी, आणि फक्त वरच्या पानांवर, उन्हाकडे तोंड असलेल्या बाजूला. खालची झाकलेली पानं शाबूत. हे सरळसरळ उन्हाने भाजणं आहे.

दोन्हींवर उपाय उलटे आहेत, म्हणून आधी बोट लावून बघा: मऊ की कुरकुरीत. वितळणारं रोप भाजलंय समजून आणखी सावलीत सरकवलं की संपलं.

कारण साधं आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नाही. तो ऐतखाऊ, त्याला पोसायचं काम हिरव्या कडेचं. 'पेट्रियट'मध्ये पानाचा मोठा मधला भाग कमावता आणि खाणारी फक्त कड, त्यामुळे त्याचा संसार बऱ्याच सावलीतही निभतो. 'फायर'मध्ये कमावती आहे ती अरुंद कड. तिला उजेड कमी पडला की झाड पांढऱ्या भागाचा खर्च पहिल्यांदा बंद करतं. "होस्टा म्हणजे सावलीचं झाड" हे वाक्य मध्यभागी पांढरी पानं असलेल्या जातींना जसंच्या तसं लागू करू नका. त्यांना सकाळचं कोवळं ऊन हवंच, विशेषतः पानं तयार होत असताना. नको असतं ते दुपारचं.

पश्चिमेचं रोप संध्याकाळी मातीच्या गोळ्यासकट उचलून पूर्वेच्या रोपाशेजारी आणलं. पिशवीत असल्यामुळे मुळं दुखावली नाहीत. पिशवीचा खर्च इथे वसूल झाला. खोडाजवळचं रोप मात्र तिथेच ठेवलंय. पूर्ण हंगाम गेल्यावर कुठे पोचतं ते बघायचंय.

४ जुलै

शेंबड्या गोगलगायी. पानाच्या मधोमध, शिरांच्या दरम्यान गोल भोकं आणि सकाळी चमकदार रेघ दिसली तर त्याच. पानाच्या कडेला तिकीट पंच केल्यासारखे खाचे असतील तर तो काळ्या सोंडेवाल्या भुंग्याचा उद्योग, आणि त्याच्या अळ्या खाली मुळं खात असतात. इथे खाचे नाहीत.

आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या टाकल्या, पण वेळ चुकली. त्या मार्चअखेर, डोळे जमिनीतून डोकावतात तेव्हा टाकायच्या. गुंडाळलेल्या कोंबाला तेव्हा पडलेलं एक भोक पान उलगडल्यावर ओळीने पाच-सहा भोकं होऊन दिसतं आणि वर्षभर जात नाही. गोळ्या विरळ फेकायच्या, ढीग करायचे नाहीत.

गोळ्यांपेक्षा जास्त फरक पडला तो पाण्याची वेळ बदलल्याने. संध्याकाळी पाणी म्हणजे रात्रभर ओली जमीन, गोगलगायींची चैन. आता पहाटे देते. शिवाय वाफ्यात एक फळी पालथी टाकून ठेवली आहे. सकाळी उलटली की खाली चिकटलेल्या सापडतात.

२६ जुलै

पाऊस चांगला झाला म्हणून पाणी दिलं नव्हतं. जमिनीतल्या 'पेट्रियट'ची पानं दुपारी मान टाकायला लागली तेव्हा शंका आली. पुढच्या पावसात दोन सारखे डबे ठेवले, एक उघड्यावर, एक झाडाखाली. उघड्यावरच्यात १८ मिमी, झाडाखालच्यात जेमतेम ५. घनदाट पानोळा छत्रीसारखा पाणी अडवतो आणि खाली येईल ते मॅपल पितं. यापुढे पावसाचा भरवसा नाही. आठवड्याला साधारण २५ मिमी मोजून द्यायचं, तेही संथ, मुळांशी. वरून फवारलं की पानाच्या खोलगट भागात पाणी साचतं.

याच खोलग्यात मॅपलच्या पंखवाल्या बिया आणि फुलांचा कचराही अडकतो. ओल्या पांढऱ्या पानावर तो दोन दिवस पडून राहिला की खाली चहासारखा डाग पडतो, कायमचा. हिरव्या पानावर हे लक्षातही येत नाही. आता सकाळी पाणी देताना मऊ ब्रशने झटकते. कंटाळवाणं काम आहे.

फुलांचे दांडे कळीतच कापले. लहान रोपाने ताकद गड्ड्यात घालावी. खतही आता बंद. उशिरा फुटलेली कोवळी पानं थंडीत सापडतात.

१९ ऑगस्ट

पूर्वेच्या एका पानावर शिरांमध्ये तपकिरी पट्टे. पानांत राहणाऱ्या सूत्रकृमींची धास्ती वाटली, कारण त्यांची खूण अशीच: दोन शिरांच्या मध्ये अडकलेला सरळ पट्टा, आणि दिसतोही उन्हाळ्याच्या उत्तरार्धातच. पट्ट्याचा तुकडा बारीक फाडून स्वच्छ पाण्यात रात्रभर ठेवला, सकाळी भिंगाखाली पाहिला. सूत्रकृमी असते तर केसासारखे वळवळताना दिसले असते. काहीच नाही. पट्टे वाढलेही नाहीत. पान काढून टाकलं आणि विषय संपवला.

१० नोव्हेंबर

पानं गोठून पिवळी लोळली. ओढल्यावर सहज सुटतात तेव्हाच काढली. सगळी बाहेर, कारण त्यांच्याखाली गोगलगायींची अंडी राहतात. मॅपलचा पालाही गोळा केला. त्याचे ओले थर पापुद्र्यांसारखे चिकटून गड्ड्यावर झाकण करतात. आच्छादन जमीन गोठल्यावर घालणार, तेही गड्डा मोकळा सोडून. देठांना टेकलेलं आच्छादन पुढे गरम दमट हवेत बुंध्याची सड आणतं.

थंडीपासून वाचवायला रोपं घरात नेऊ नका. होस्टाला थंडीतली झोप गरजेची असते. ५ अंशांच्या खाली निदान सहा-एक आठवडे मिळाले नाहीत तर पुढच्या वर्षी तो दुबळा फुटतो.

दुसरं वर्ष

२ एप्रिल

जमिनीतला 'पेट्रियट' हलवून पाहिला आणि अख्खा हातात आला. खाली मुळं नाहीत, दोन बोटं रुंद बोगदा आहे. आखूड शेपटीच्या उंदरांनी हिवाळाभर आच्छादनाखाली आरामात जेवण केलंय. गड्ड्याला तीन-चार मुळं उरली होती. कुजका भाग कापून, एक दिवस सुकवून, कुंडीत लावला. पिशव्यांमधली चारही रोपं सहीसलामत, पण कापड उंदीर कुरतडू शकतात, त्यामुळे त्यावर विसंबून नाही. जमिनीत परत लावायचा तर ६ मिमी जाळीची टोपली करून तिच्यात.

८ मे

पूर्वेच्या 'फायर'ला पाच कोंब. चार नेहमीचे, पाचवा ठार हिरवा.

हे अपेक्षित होतं. या जातीत पानाची कड आणि मधला भाग हे वाढत्या टोकातल्या वेगवेगळ्या थरांपासून बनतात. हिरव्या थरातल्या पेशी आत सरकल्या की त्या डोळ्यातून पुढे सगळी पानं हिरवी. आणि तो कोंब पूर्ण पानाने कमावतो, म्हणून इतरांच्या दुप्पट वेगाने वाढतो. तसाच ठेवला तर दोन-तीन वर्षांत अख्खा ठोंब हिरवा. "माझ्या होस्टाचा रंग उडाला" म्हणतात ते बहुतेक वेळा हेच असतं. रंग उडत नाही, हिरवे कोंब पांढऱ्यांना मागे टाकतात.

घाई मात्र केली नाही. पहिलं पान कधीकधी फसवं असतं. तिसरं पानही हिरवंच उलगडलं तेव्हा हात घातला. आधी जमिनीलगत कापून पाहिलं होतं. आठवड्यात त्याच डोळ्यातून हिरवी पानं परत. खाली गड्ड्यापर्यंत जावंच लागतं. बोटांनी माती बाजूला केली, कोंब जिथे गड्ड्याला जुळतो तो सांधा उघडा केला आणि सुरीने डोळा त्याच्या मुळांसकट वेगळा केला. जखम दोन तास उघडी सुकू दिली, मग माती परत. सुरी आधी आणि नंतर १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी यात बुडवून धुतली. का, ते पुढच्या नोंदीत.

काढलेला हिरवा कोंब फेकवला नाही, कुंडीत लावलाय. याच्या उलट, पूर्ण पांढरा कोंब कधी आला तर त्याच्या प्रेमात पडू नका. वेगळा लावला तर उपाशी मरतो.

२४ जून

ओळखीतून मिळालेला एक जुना होस्टा गेल्या शरदात वाफ्याच्या टोकाला लावला होता. पिवळसर पान, त्यावर शिरांच्या कडेने गडद हिरवी शाई टीपकागदावर फुटावी तशा रेघा. काहींना हा नवा नमुना वाटतो. हा होस्टा व्हायरस एक्स. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात तो ओळखला गेला. चाचणी पट्टी आणून पाहिली, दोन रेघा आल्या, म्हणजे लागण आहे. उपचार नाही.

रोप मुळांसकट उपटून बंद पिशवीतून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. राहिलेली मुळंही चाळून काढली. ती जागा यंदा आणि पुढचं वर्ष रिकामी. हा विषाणू रसातून पसरतो, म्हणजे सुरी, कात्री, खुरपं आणि आपले हात. लक्षणं दिसायला काही वर्षंही लागू शकतात, त्यामुळे दिसायला निरोगी रोपावरून दुसऱ्यावर जातानाही हत्यार धुवायचं. बाकीच्या रोपांचीही चाचणी केली, एकच रेघ. पुढच्या जूनमध्ये पुन्हा करणार. कुठूनही आलेलं नवं रोप यापुढे एक हंगाम वेगळ्या कुंडीत राहील, देणारा कितीही जवळचा असो.

१२ सप्टेंबर

पिशवीतला 'पेट्रियट' वाटणी करण्याजोगा झालाय. जमीन गोठायला पाच-सहा आठवडे आहेत, तेवढ्यात मुळं धरतील. प्रत्येक हिश्श्याला तीन डोळे ठेवून दोन भाग केले. 'फायर'ला हात लावला नाही. हळू वाढणाऱ्या जातीला फोडलं की ती पुन्हा रोपटं होऊन बसते, पानं लहान, पांढरा पट्टा फिका.

तिसरं वर्ष

१८ मे

पूर्वेचा मूळ 'फायर' ४० सेंमी रुंद. पांढरा रंग आता कागदासारखा, आणि पानाला जाडी आली आहे. पश्चिमेकडून आणलेला एक वर्ष मागे आहे पण त्याच वाटेवर. त्यालाही एक हिरवा कोंब आला होता, तो काढला. ही या जातीची दर मेमधली ठरलेली मशागत समजा.

खोडाजवळच्याला तिसऱ्या वर्षी दोन कोंब, पहिल्या वर्षीपेक्षा लहान पानं. पांढरा भाग अजून वितळतो. यापुढे तिथे ठेवण्यात अर्थ नाही. आज तोही पूर्वेला आणला.

३० जून

विषाणूची चाचणी पुन्हा केली, सगळी रोपं स्वच्छ. खोडाजवळच्या रिकाम्या पिशवीत कुंडीतला हिरवा कोंब लावला होता. त्या गडद सावलीत सहा आठवड्यांत त्याने जितकी पानं काढली तितकी 'फायर'ने तीन वर्षांत काढली नव्हती. त्या कोपऱ्यासाठी आणखी हिरवे कोंब लागतील, आणि ते दर मेमध्ये निघणारच आहेत. उंदरांतून वाचलेला 'पेट्रियट' अजून कुंडीत आहे. जाळीच्या टोपलीचं काम बाकी.